केस धुणं आणि केसांची निगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केसांबद्दल येणारे प्रश्न फारसे बदलत नाहीत, बाटल्यांवरची नावं तेवढी बदलतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न खाली एकत्र केले आहेत, सोपे आधी, अडचणीचे नंतर. वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवली तर बरीच उत्तरं आपोआप सुटतील: धुवायची असते ती डोक्याची त्वचा, आणि जपायचे असतात ते केस. त्वचा जिवंत आहे, तेल सोडते, घाम सोडते, कात टाकते. त्वचेबाहेर आलेला केस मात्र केराटिन नावाच्या प्रथिनाचा मृत धागा आहे. तो झिजला की स्वतःहून भरून येत नाही.

1. केस किती दिवसांनी धुवावेत?

डोकं तेलकट झालं, खाजायला लागलं किंवा वास यायला लागला की धुवावेत. आकडाच हवा असेल तर सरळ, पातळ, लवकर चिकट होणाऱ्या केसांना एक दिवसाआड, प्रसंगी रोजही. मध्यम केसांना आठवड्यातून दोन-तीनदा. दाट कुरळ्या किंवा कोरड्या केसांना आठवड्यातून एकदा, कधी कधी पंधरा दिवसांतून एकदाही पुरतं.

एवढा फरक पडतो तो केसाच्या आकारामुळे. मुळाशी असलेल्या ग्रंथींतून सीबम नावाचं तेल पाझरतं. सरळ केसावरून ते भराभर खाली उतरतं, कुरळ्या केसाच्या वळणावळणावर अडतं. म्हणून कुरळ्या केसांची मुळं तेलकट आणि शेंडे कोरडे असं चित्र नेहमी दिसतं. वयानेही फरक पडतो. वयात येताना सीबम एकदम वाढतं, उतारवयात, विशेषतः बायकांमध्ये रजोनिवृत्तीनंतर, ते कमी होतं. विशीत जमलेलं वेळापत्रक साठीत तसंच चालवायचं कारण नाही.

2. पूर्वी लोक इतक्या वेळा केस धुवत नव्हते, तरी त्यांचे केस छान असायचे. मग आपणच चुकतोय का?

हा प्रश्न सर्वाधिक येतो, आणि त्यात एक गृहीतक लपलेलं असतं: कमी धुणं हे जुन्या लोकांचं शहाणपण होतं. खरं तर ती बऱ्याच अंशी अडचण होती. पाणी भरून आणायचं, तापवायचं, कमरेपर्यंतचे केस धुवायचे आणि मग ते वाळेपर्यंत अर्धा दिवस बसायचं. हातात धरायचे विजेचे ड्रायर 1920 च्या दशकात बाजारात आले, त्याआधी ऊन आणि वारा एवढंच साधन. जपानमधल्या हेयान काळातल्या (सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या) दरबारी स्त्रियांचे केस जमिनीपर्यंत लोळायचे. ते धुणं हा दिवसभराचा कार्यक्रम असायचा, त्यामुळे तो क्वचितच व्हायचा.

अठराव्या शतकातल्या युरोपात तर वरच्या वर्गातले लोक केसांना चरबीचं मलम चोपडून वर स्टार्चची पूड भुरभुरायचे. ब्रिटनने 1795 मध्ये या पुडीवर वर्षाला एक गिनी कर लावला आणि ती फॅशन झपाट्याने ओसरली. केस धुण्याऐवजी झाकायचा इतका खर्चिक मार्ग माणसाने क्वचितच शोधला असेल! विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही पाश्चात्य मासिकं बायकांना दोन आठवड्यांतून किंवा महिन्यातून एकदा केस धुवायला सांगत, आणि मधल्या दिवसांत रात्री भरपूर ब्रश फिरवायला. ब्रशमुळे मुळाशी साचलेलं तेल शेंड्यांपर्यंत पसरायचं, धूळही निघायची. मग नळाचं पाणी घरात आलं, केस आखूड झाले, सौम्य शाम्पू आले, त्यांच्या जाहिरातीही आल्या. धुण्याची वारंवारता वाढली ती या सगळ्यांमुळे मिळून.

आता 'छान असायचे' याबद्दल. केस छान असलेल्यांच्याच आठवणी आणि फोटो आपण जपतो, हे एक. दुसरं म्हणजे त्या केसांना ब्लीच, स्ट्रेटनर, रोजची गरम हवा यातलं काही सोसावं लागत नव्हतं. वेणीत किंवा अंबाड्यात बांधलेल्या केसांची आपसातली घासाघीसही कमी होते. श्रेय द्यायचं तर ते याला द्यावं. उवा आणि डोक्यावरचे त्वचारोग तेव्हाही होतेच, फक्त फोटोत दिसत नाहीत.

3. शाम्पू येण्याआधी केस कशाने धुवायचे?

जगभरातले उपाय साधारण चार प्रकारांत मोडतात. एक, राखेचं पाणी. लाकडाच्या राखेतून उतरणारा क्षार तेल कापतो, पण त्वचाही सोलवटून काढतो. दोन, माती. मुलतानी माती किंवा मोरोक्कोतली घसूल यांसारख्या मातीचे बारीक कण तेल शोषून घेतात. तीन, नैसर्गिक फेस देणाऱ्या वनस्पती: आपल्याकडचा रिठा आणि शिकेकाई, युरोपातलं सोपवर्ट, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं युक्काचं मूळ. हजारो मैल लांब राहणाऱ्या लोकांनी वेगवेगळी झाडं शोधली, पण त्यांच्यातलं काम करणारं द्रव्य एकाच जातीचं निघालं, सॅपोनिन. चार, काहीच न वापरता फक्त पाणी, तेल आणि फणी. प्राचीन इजिप्तमध्ये अनेकजण डोकं भादरून वर टोप घालत, म्हणजे प्रश्नच मिटला.

साबण जुना आहे, पण त्याचा केसांशी संबंध सुरुवातीला वेगळाच होता. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की गॉल लोक (आजच्या फ्रान्सच्या भागातले) चरबी आणि राखेपासून साबण करतात तो केस तांबूस करण्यासाठी. बर्लिनमध्ये हान्स श्वार्झकोफ यांनी 1903 मध्ये पाण्यात विरघळणारी शाम्पूची पूड विकायला काढली, 1927 मध्ये त्यांच्या कंपनीने द्रवरूप शाम्पू आणला. 1930 च्या दशकात साबणाऐवजी कृत्रिम डिटर्जंट वापरलेले शाम्पू आले आणि आज आपण ज्याला शाम्पू म्हणतो तो प्रकार खऱ्या अर्थाने सुरू झाला.

4. शाम्पू म्हणजे शेवटी द्रवरूप साबणच ना? मग अंघोळीच्या साबणाने केस धुतले तर काय बिघडतं?

शाम्पू साबण नाही. दोघांचं काम एकच: रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला, आणि पाण्याबरोबर तेल वाहून जातं. फरक उरलेल्या गोष्टींत आहे. साबण अल्कधर्मी असतो, त्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप, 7 म्हणजे मध्यम) साधारण 9 ते 10. डोक्याच्या त्वचेचा साधारण 5.5 असतो. अल्कधर्मी पाण्यात केस फुगतो, त्याच्यावरचे खवले उचलले जातात आणि केस एकमेकांत अडकतात. शिवाय पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असेल तर साबणाचा त्यांच्याशी संयोग होऊन न विरघळणारा पांढरट थर केसांवर बसतो. बादलीच्या कडेला बसतो तोच. एखाद्या दिवशी शाम्पू संपला म्हणून साबण लावला तर आभाळ कोसळत नाही, पण सवय लावू नये. 'शाम्पू बार' नावाने मिळणाऱ्या वड्यांपैकी काही खरा साबण असतात आणि काहींमध्ये डिटर्जंट असतं. घटकांच्या यादीत 'सोडियम पामेट' किंवा 'सोडियम कोकोएट' अशी नावं सुरुवातीलाच असतील तर तो साबण समजावा.

5. सल्फेटवाला शाम्पू वाईट असतो का?

सरसकट नाही. सोडियम लॉरिल सल्फेट (एसएलएस) एकटं, जास्त प्रमाणात आणि बराच वेळ त्वचेवर राहिलं तर चुरचुरतं, हे खरं आहे. इतकं की त्वचेच्या चाचण्यांमध्ये मुद्दाम दाह निर्माण करायला तेच वापरतात. पण शाम्पूत ते एकटं नसतं, मिनिटभरात धुऊनही जातं. सोडियम लॉरेथ सल्फेट (एसएलईएस) त्यापेक्षा सौम्य आहे आणि हल्लीच्या बहुतेक बाटल्यांत तेच सापडतं. सल्फेटमुळे कर्करोग होतो ही अफवा आहे.

केस रंगवलेले, ब्लीच केलेले, फार कोरडे किंवा कुरळे असतील, डोक्यावर इसब असेल, तर सल्फेटविरहित शाम्पू घ्या. डोकं तेलकट असेल आणि सध्याचा शाम्पू मानवत असेल तर लेबलवरच्या शब्दाला घाबरून महागडी बाटली घेऊ नका.

6. शाम्पू लावायची बरोबर पद्धत कोणती? दोनदा लावायचा का?

आधी केस पूर्ण भिजू द्या, वरवर नाही, मुळांपर्यंत. शाम्पू तळहातावर घेऊन थोडं पाणी मिसळा आणि बोटांच्या पेरांनी डोक्याच्या त्वचेला लावा. नखांनी खरवडू नका. कानामागे आणि मानेच्या वरच्या भागात हात पोहोचतोय ना, ते बघा; तिथे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. लांब केस डोक्यावर गोळा करून कपडे चोळल्यासारखे चोळायचे नाहीत. धुताना खाली वाहणारा फेस शेंड्यांना पुरेसा होतो.

दुसऱ्यांदा लावायची गरज दोनच वेळा: भरपूर तेल लावलं असेल तर, किंवा बऱ्याच दिवसांनी धुताय तर. पहिल्या खेपेला फेस आला नाही म्हणजे शाम्पू खराब नव्हे. तेल जास्त असलं की फेस धरत नाही. लावण्याला जितका वेळ दिला त्याच्या दुप्पट वेळ धुण्याला द्या. 'शाम्पूने खाज सुटते' म्हणणाऱ्यांपैकी अनेकांच्या डोक्यात शाम्पू राहिलेला असतो. (नीट धुऊनही खाज राहत असेल तर प्रश्न 21.)

7. रोज धुतलं की डोकं जास्त तेल सोडायला लागतं, आणि धुणं कमी केलं की त्वचेला सवय होते, हे खरं का?

नाही. सीबम किती तयार व्हायचं ते मुख्यतः संप्रेरकं आणि आनुवंशिकता ठरवतात. आज शाम्पू लावला की नाही हे ग्रंथींना कळत नाही. काही आठवडे न धुता राहिलेल्यांना 'आता तेल कमी सुटतं' असं वाटतं, कारण तेल केसांवर पसरून एकसारखं दिसायला लागतं आणि नाकालाही सवय होते. 2021 मध्ये आशियाई लोकांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून पाच-सहा वेळा केस धुणारे आपल्या केसांबद्दल सर्वांत समाधानी निघाले, आणि वारंवार धुण्याने केसांचं नुकसान वाढल्याचं दिसलं नाही. तो शाम्पू बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांचा अभ्यास आहे, हे लक्षात ठेवूनच वाचावा. तरी रोज धुणाऱ्यांना अपराधी वाटायचं कारण नाही, इतकं त्यातून नक्की घेता येतं.

8. धुताना केसांचा पुंजका हातात येतो. धुणंच कमी करू का?

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज 50 ते 100 गळणं स्वाभाविक आहे. गळणारा केस मुळाशी आधीच सुटलेला असतो, धुताना फक्त खाली येतो. चार दिवसांनी केस धुतले तर चार दिवसांचे एकदम दिसतात, एवढंच. धुणं लांबवलं तर पुंजका मोठा होतो आणि भीतीही.

काळजी केव्हा करायची? गळती एकाएकी दुप्पट-तिप्पट झाली, भांग रुंद दिसायला लागला किंवा एखाद्या जागी नाण्याएवढा चट्टा रिकामा झाला (चाई), तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. एकाएकी वाढलेल्या गळतीचं कारण बहुतेकदा दोन-तीन महिने मागे सापडतं: मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, भराभर कमी केलेलं वजन. धक्का बसला की बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि साधारण तीन महिन्यांनी एकत्र गळतात. अशी गळती सहसा सहा महिन्यांत थांबते. दरम्यान लोहाची कमतरता आणि थायरॉइड तपासून घेणं शहाणपणाचं. शाम्पू बदलून यातलं काहीही सुटत नाही.

9. तेल धुण्याआधी लावायचं की धुतल्यावर? आणि तेलाने केस वाढतात का?

धुण्याआधी. पाण्यात भिजला की केस फुगतो, वाळला की आकसतो, आणि ही फुगण्या-आकसण्याची कसरत पुन्हा पुन्हा झाली की तो आतून कमकुवत होतो. आधी लावलेलं तेल पाणी आत शिरण्याला आवर घालतं. या बाबतीत खोबरेल तेल वेगळं ठरतं. त्यातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत जातात. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना झाली होती. केसांतून धुऊन जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने कमी केलं. (हा प्रयोगही खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतला. मात्र तेल आत शिरतं हे नंतरच्या कामातूनही दिसलं आहे.)

तासभर आधी लावलं तरी पुरतं, रात्रभर ठेवलंच पाहिजे असं नाही. धुतल्यावर लावायचं असेल तर दोन थेंब, फक्त शेंड्यांना. वाढीचं म्हणाल तर केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि तेल तो वेग बदलत नाही. तेलाने केस तुटत कमी असल्यामुळे ते लांब झालेले दिसतात. चंपीने बरं वाटतं ते वेगळं, आणि तेवढं कारण मला पुरेसं वाटतं.

10. डोक्यात कोंडा आहे. भरपूर तेल लावून मुरवलं तर जाईल ना?

उलट वाढू शकतो. कोंड्यामागे मॅलासेझिया नावाची बुरशी असते. ती सगळ्यांच्याच डोक्यावर राहते आणि तेलातल्या मेदाम्लांवर जगते. काहींची त्वचा तिने सोडलेल्या पदार्थांमुळे चिडते आणि पापुद्रे भराभर सुटायला लागतात. तेल लावल्यावर पापुद्रे चिकटून बसतात, म्हणून कोंडा गेल्यासारखा वाटतो. बुरशीला मात्र मेजवानी मिळते.

कोंडा असताना केस जास्त वेळा धुवायचे. केटोकोनॅझोल, सेलेनियम सल्फाइड किंवा झिंक पायरिथिऑन असलेला औषधी शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं डोक्यावर ठेवून. लावला आणि लगेच धुतला तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. 'कोंड्याचा शाम्पू लागू पडत नाही' या तक्रारीचं कारण बऱ्याचदा हेच असतं. (झिंक पायरिथिऑनवर युरोपीय संघाने मार्च 2022 पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली आहे, इतरत्र ते अजून मिळतं.) महिनाभरात फरक पडला नाही, किंवा जाड चंदेरी पापुद्रे, लालसर चट्टे दिसले तर सोरायसिस हा त्वचारोग असू शकतो. तो घरी ओळखायच्या फंदात पडू नका.

11. गरम पाण्याने धुवावं की गार? गार पाण्याने छिद्रं बंद होतात म्हणे.

कोमट. फार गरम पाण्याने त्वचा कोरडी पडते आणि रंग लवकर उतरतो. गार पाणी चालतं, पण तेल निघायला वेळ लागतो. छिद्रांना स्नायू नसतात, त्यामुळे ती पाण्याने उघडत-मिटत नाहीत. शेवटी गार पाणी ओतल्याने चमक येते हा अनुभव अनेकांचा असतो. त्याचं श्रेय बहुधा त्या जास्तीच्या धुण्याला जातं.

12. कंडिशनर खरंच लागतो का, की विकायचा बहाणा आहे?

आखूड, निरोगी केसांना नसला तरी चालतो. खांद्याखाली केस असतील तर लागतो. महिन्याला एक सेंटिमीटर या हिशेबाने खांद्याखालचा शेंडा दोन-तीन वर्षांचा असतो आणि तेवढं धुणं, विंचरणं, ऊन त्याने सोसलेलं असतं. झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार जास्त असतो, कंडिशनरमधले रेणू धन भाराचे असतात, म्हणून जिथे झीज जास्त तिथेच ते जास्त चिकटतात. तो कानाखालच्या केसांना लावा, मुळांना नको. फाटे फुटलेले शेंडे त्याने चिकटल्यासारखे दिसतात, जोडले जात नाहीत. त्याला कात्री हाच उपाय.

13. ओले केस विंचरावेत का? ड्रायर वापरावा का? आणि ओल्या केसांनी झोपलं तर?

ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. म्हणून सरळ केस थोडे वाळल्यावर, रुंद दातांच्या कंगव्याने, शेंड्याकडून वर येत विंचरावेत. कुरळ्या केसांचं उलट: वाळल्यावर विंचरले तर गुंता आणि तुटणं दोन्ही वाढतं, म्हणून ते ओले असताना, कंडिशनर लावलेलं असतानाच सोडवावेत. टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी दाबून पाणी टिपा.

ड्रायरबद्दल 2011 मध्ये कोरियातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जास्त उष्णतेने केसाच्या पृष्ठभागाचं नुकसान वाढतं, हे अपेक्षितच होतं. पण आपोआप वाळू दिलेल्या केसांत, ते बराच वेळ ओले राहिल्यामुळे, आतल्या पेशींना जोडणाऱ्या थराचं नुकसान आढळलं. ड्रायर 15 सेंटिमीटर लांब धरून सतत हलवत ठेवला तर तो त्यामानाने बरा, असा त्यांचा निष्कर्ष. माझा सल्ला: निम्मे-अधिक आपोआप वाळू द्या, मग मंद गरम हवा.

ओल्या केसांनी कधीतरी झोपल्याने काही होत नाही. रोज झोपलात तर उशीवर घासून केस तुटतात, आणि कोंड्याची प्रवृत्ती असेल तर दमट डोकं त्याला अनुकूलच.

14. शाम्पू सोडून शिकेकाई-रिठ्याकडे परत यायचंय. चालेल का?

चालेल, अपेक्षा माफक ठेवल्या तर. शिकेकाई सौम्य आणि किंचित आम्लधर्मी असते, त्यामुळे केस फुगत नाहीत. रिठा जास्त तेल काढतो आणि केस कोरडेही करतो. दोन्ही डोळ्यांत गेले की चांगलेच झोंबतात. पुडीचे कण केसांत राहतात, म्हणून पूड थेट चोळण्यापेक्षा उकळून, गाळून घेतलेलं पाणी वापरा. ते दोन-तीन दिवसांतच खराब होतं, एका वेळी थोडंच करा.

'नैसर्गिक' म्हणजे आपोआप सुरक्षित, असं मात्र नाही. सॅपोनिनही शेवटी तेल कापणारं द्रव्यच आहे. कोंडा असलेल्यांनी औषधी शाम्पू सोडून यावर अवलंबून राहू नये. आणि दुकानातल्या 'शिकेकाई शाम्पू'त सहसा डिटर्जंटच मुख्य असतं, शिकेकाई नावापुरती.

15. खायचा सोडा, व्हिनेगर, लिंबू, तांदळाचं पाणी यांनी केस धुणारे बरेच दिसतात. तुमचं मत?

खायचा सोडा नको. तो अल्कधर्मी आहे, साबणाचे तोटे (प्रश्न 4) यालाही लागू. व्हिनेगर भरपूर पाण्यात, म्हणजे मोठ्या तांब्याभर पाण्यात एक-दोन चमचे, शेवटच्या पाण्याला ठीक. पाणी कठीण, म्हणजे जास्त क्षारांचं, असेल तर उपयोगही होतो. लिंबाचा रस थेट डोक्यावर चोळून उन्हात गेलात तर त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडू शकतात. तांदळाच्या पाण्याने केस काही काळ जाडसर वाटतात कारण स्टार्चचा थर बसतो. वाढ होते याला भक्कम पुरावा नाही.

16. आमच्याकडे बोअरचं कठीण पाणी आहे. त्याने केस गळतात का?

गळत नाहीत, राठ होतात. क्षारांचा थर बसल्याने केस खरखरीत, निस्तेज आणि गुंतणारे होतात, आणि गुंतलेले केस तुटतात. तुटलेला केस आणि गळलेला केस यांत फरक आहे: मुळासकट गळलेल्याच्या टोकाला बारीक पांढरा गोळा दिसतो. पंधरा दिवसांतून एकदा ईडीटीए (क्षार बांधून काढणारं रसायन) असलेला, 'क्लॅरिफाइंग' म्हणून मिळणारा शाम्पू आणि दर वेळी कंडिशनर, एवढ्याने बरंच भागतं. शेवटचे दोन तांबे साठवलेल्या पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचे घेता आले तर उत्तमच.

17. सर्दी, ताप किंवा पाळी असताना डोक्यावरून पाणी घ्यावं का?

घ्यायला हरकत नाही. सर्दी विषाणूमुळे होते, ओल्या केसांमुळे नाही. तापात अशक्तपणा असेल तर थंडी वाजू नये म्हणून कोमट पाण्याने पटकन धुऊन लगेच वाळवा. पाळीत केस धुतल्याने रक्तस्राव कमी-जास्त होत नाही आणि पुढे काही त्रासही उद्भवत नाही. कोमट पाण्याने पोटदुखीत उलट बरं वाटतं.

18. ड्राय शाम्पू वापरून किती दिवस ढकलता येतील?

एक-दोन दिवस. त्यातला स्टार्च तेल शोषतो, पण घाम, मृत पेशी आणि तो स्टार्चही डोक्यावरच राहतो. म्हणजे स्वच्छता होत नाही, फक्त तसं दिसतं. प्रश्न 2 मधल्या पुडीचाच हा आधुनिक अवतार. 2022 मध्ये अमेरिकेत काही एरोसोल ड्राय शाम्पू बेंझिनच्या अंशामुळे परत मागवले गेले होते, त्यामुळे फवाऱ्यापेक्षा साधी पूड बरी.

19. पोहून पोहून केस हिरवट झाले. क्लोरीनमुळे का?

हिरवा रंग तांब्याचा असतो. पाण्यातलं तांबं केसांवर बसतं, क्लोरीन त्याला मदत करतं. पांढऱ्या, फिक्या किंवा ब्लीच केलेल्या केसांवर ते उठून दिसतं, काळ्यांवर दिसत नाही. तलावात उतरण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवा आणि कंडिशनर लावून टोपी घाला. आधीच भिजलेला केस तलावाचं पाणी कमी ओढतो. चढलेला रंग काढायला प्रश्न 16 मधलाच ईडीटीएवाला शाम्पू.

20. मुलीच्या डोक्यात उवा झाल्या. रोज केस धुऊनही कशा झाल्या?

उवांना स्वच्छ-अस्वच्छ असा भेद नाही. डोक्याला डोकं लागलं की त्या एकीकडून दुसरीकडे जातात. शाम्पूने त्या मरत नाहीत. पाण्याखाली श्वास रोखून केसाला घट्ट धरून बसतात. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून बारीक दातांच्या फणीने दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे विंचरा. लिखा फुटायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून औषध लावलं तरी ते बहुतेक वेळा पुन्हा लावावं लागतं. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा, नाहीतर उवा फिरत राहतात. आणि मुलीला ओरडू नका, तिची काही चूक नाही.

21. शाम्पूने डोक्याला काही होत नाही, पण कपाळावर, पापण्यांवर आणि मानेवर पुरळ येतं. मग शाम्पू कारण नाही ना?

तोच असण्याची शक्यता जास्त आहे. डोक्याची त्वचा जाड आणि सहनशील असते. फेस जिथून वाहत खाली येतो ती पापण्यांची, कानामागची, मानेची त्वचा आधी तक्रार करते. नेहमीचे गुन्हेगार म्हणजे सुगंधद्रव्यं, मिथाइलआयसोथायाझोलिनोनसारखी परिरक्षकं (प्रिझर्व्हेटिव्ह) आणि केसांच्या रंगातलं पीपीडी हे रसायन. 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पुडीतही पीपीडी असू शकतं. शुद्ध मेंदी काळा रंग देत नाही, लालसरच देते. वर्षानुवर्षं चाललेल्या शाम्पूचीही अचानक अ‍ॅलर्जी होऊ शकते, त्यामुळे 'हा तर जुनाच आहे' हा बचाव ग्राह्य नाही.

दोन-तीन आठवडे डोक्याला लागणारं सगळं बंद करून एकच बिनवासाचा, साध्या घटकांचा शाम्पू वापरा. पुरळ बसलं तर जुन्या वस्तू एकेक करून, मध्ये आठवडाभराचं अंतर ठेवून परत आणा. बसलं नाही, किंवा डोळे सुजले, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट (संशयित पदार्थ त्वचेवर लावून अ‍ॅलर्जी तपासणं) करून घ्या. जाताना सगळ्या बाटल्या घेऊन जा, तेल आणि जेलच्या सुद्धा. रिकाम्या झालेल्याही चालतील, मागची घटकांची यादी वाचता आली म्हणजे झालं.